ला क्रॉसला मार्शल म्हणून: बास स्पर्धेच्या बोटीत बसायचं असेल तर

अमेरिकेत बास मासे पकडण्याच्या बासमास्टर एलिट मालिकेच्या स्पर्धेत आपल्यासारख्या सामान्य माणसालाही व्यावसायिक मासेमाराच्या बोटीत दिवसभर बसता येतं, हे आमच्या मराठी मंडळात सांगितलं तेव्हा बहुतेकांना नवल वाटलं. त्यासाठी ‘मार्शल’, म्हणजे बोटीत बसून माशांची नोंद ठेवणारा, म्हणून नाव नोंदवावं लागतं. 2022 च्या ऑगस्टअखेर विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसला मिसिसिपी नदीवर हंगामातली शेवटची स्पर्धा झाली. तिथं मी मार्शल होतो. नाव नोंदवताना माझ्या मनात कितीतरी शंका होत्या आणि विचारायला ओळखीचं कुणी नव्हतं. पुढं कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

आधी खेळाबद्दल थोडं. बास हा इथल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ या त्याच्या दोन जाती स्पर्धेत मुख्यतः मोजल्या जातात. दिवसभरात कितीही मासे पकडा, वजनाला न्यायचे ते फक्त पाच, आणि तेही जिवंत. मेलेल्या माशामागे वजन कापतात. वजन झालं की मासे परत पाण्यात सोडतात. या स्पर्धा घेणारी बी.ए.एस.एस. ही संघटना रे स्कॉट यांनी 1968 मध्ये सुरू केली आणि मासे जिवंत सोडण्याची पद्धत 1972 पासून रुजवली. 2022 च्या एलिट मालिकेत नव्वदच्या वर स्पर्धक होते. फेब्रुवारीत फ्लोरिडापासून सुरुवात, एकामागून एक एकूण नऊ स्पर्धा. प्रत्येक स्पर्धेतल्या क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात आणि वर्षअखेर ज्याचे गुण सर्वांत जास्त तो ‘अँग्लर ऑफ द इयर’. त्याला एक लाख डॉलर मिळतात. पण या किताबासाठी माणसं जीव टाकतात ती पैशापेक्षा मानासाठी. एखादी स्पर्धा नशिबानं जिंकता येते, अख्खं वर्ष नशिबावर निघत नाही.

मी मूळचा मालवणचा. रापणीच्या गावात वाढलो, त्यामुळं मासळीशी जुनं नातं. तिकडं मासा म्हणजे पोटापाण्याचा विषय, इथं तो पकडून सोडून देतात, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. आता आम्ही मिनेसोटात रॉचेस्टरला राहतो. मुलगा शाळेच्या बास टीममध्ये आहे आणि पुढं हेच करायचं म्हणतो. आयुष्य यात घालायचं तर ते कसं असतं, हे बापानं एकदा जवळून पाहावं, एवढाच माझा हेतू होता.

एप्रिलमध्ये संघटनेचा सभासद झालो. त्याशिवाय मार्शल होता येत नाही. वर्गणी किरकोळ आहे आणि ऑनलाइन भरता येते, पण सभासद क्रमांक हाताशी ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो मागतात. मार्शलची नोंदणी ठरलेल्या दिवशी उघडते आणि जागा पटापट भरतात. मी ऑफिसची मीटिंग पुढं ढकलून वेळेवर संगणकासमोर बसलो. फॉर्ममध्ये शर्टाचं माप, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचं नाव आणि नंबर, आणि जबाबदारीमुक्तीचं लांबलचक पत्रक. ते पत्रक वाचूनच सही करा. ताशी सत्तर मैलांनी जाणाऱ्या बोटीत बसणार आहात, याची जाणीव ते वाचून होते. फी तेव्हा शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात होती. पैसे लगेच कापले गेले, पण जागा पक्की झाल्याची ईमेल यायला बरेच दिवस गेले. तेवढे दिवस मी रोज स्पॅम फोल्डरसुद्धा उघडून बघत होतो.

बायकोचा पहिला प्रश्न होता, ‘बोटीत बाथरूमचं काय?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, म्हणून सांगतो. बोट वीस-एकवीस फुटांची, सपाट आणि उघडी. बाथरूम नाही. मासेमाराला आधीच सांगून ठेवायचं, तो गरज पडेल तेव्हा बोट काठाला लावतो. यात त्यांना काही विशेष वाटत नाही. तरी सकाळी चहा कमी घेतलेला बरा.

खर्चाचं म्हणाल, तर फी आणि वर्गणी सोडून माझा सगळ्यात मोठा खर्च पावसाळी सूटचा. साधा रेनकोट चालत नाही. बोट सुसाट निघाली की वारा सगळीकडून आत शिरतो आणि पहाटेच्या गारठ्यात ऑगस्टमध्येही दात वाजतात. मी जाकीट-पँट असा जोड सेलमध्ये घेतला. रॉचेस्टर ते ला क्रॉस सव्वा तासाचा रस्ता, पण पहाटे साडेपाचच्या आत धक्क्यावर पोचायचं होतं, म्हणून आदल्या रात्री मोटेलमध्ये राहिलो. स्पर्धेमुळं गावात खोल्यांचे भाव चढलेले. आधीच आरक्षण करून ठेवा.

आदल्या संध्याकाळी मार्शलांची बैठक असते. तिथं नियम समजावतात, शर्ट देतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या बोटीत बसायचं ते कळतं. मार्शलनं गळ टाकायचा नाही. मासा वर घ्यायला मदत करायची नाही. मासे कुठं आहेत, कशाला लागतायत, इतरांचं कसं चाललंय, यातलं अवाक्षर बोलायचं नाही. मासेमाराच्या जागा कुणाला सांगायच्या नाहीत, फोटोत त्या ओळखू येतील असं काही टाकायचं नाही. मुख्य काम नोंदीचं. मासा बोटीत आला की मासेमार अंदाजे वजन सांगतो, ते फोनवर टाकायचं. ते आकडे थेट संकेतस्थळावर दिसतात. अधिकृत वजन दुपारी मंचावरच होतं, पण तोवर बाहेरच्या जगाला जे काही कळतं ते मार्शलच्या बोटांतून. बैठकीत हे ऐकलं तेव्हा त्यात काय मोठं, असं वाटलं होतं.

माझ्या वाट्याला आलेल्या मासेमाराचं नाव लिहीत नाही. तो दक्षिणेकडचा, चाळिशीचा. किताबाच्या शर्यतीत नव्हता. पण एलिटच्या वर्षाच्या यादीतले पहिले चाळीसएक जण 2023 च्या मार्चमध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला होणाऱ्या बासमास्टर क्लासिकला जाणार होते, आणि तो बरोबर त्या रेघेवर होता. क्लासिक ही या खेळातली सर्वांत मोठी स्पर्धा, पहिलं बक्षीस तीन लाख डॉलर. तिथं नुसतं पोचलं तरी प्रायोजक टिकतात. त्यामुळं वर पहिल्या क्रमांकासाठी चार-पाच जणांची झुंज चालू असताना खाली या रेघेपाशीही तेवढीच जीवघेणी झुंज चालू असते, आणि तिकडं कॅमेरे नसतात.

पहाटे धक्क्यावर अंधारात बोटींच्या लाल-हिरव्या दिव्यांची रांग. नदीवर धुकं. मासेमाराची बायको आणि दोन मुली त्याला सोडायला आल्या होत्या. धाकटी पायजम्यातच, अंगाला ब्लँकेट गुंडाळलेलं. हे कुटुंब फेब्रुवारीपासून कॅम्परमध्ये, म्हणजे फिरत्या घरात, राहत होतं, मुलींची शाळाही त्यातच. बाईंनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि विचारलं, ‘तुमच्या फोनची बॅटरी पूर्ण आहे ना?’ मी पॉवर बँक दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. राष्ट्रगीत झालं, सगळे उभे राहिले, मग एकेका बोटीचा क्रमांक पुकारला गेला. तपासनीस निघण्याआधी मासे ठेवायची टाकी रिकामी आहे ना ते बघतात. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि निघालो.

या नदीचा स्वभाव कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथली मिसिसिपी धरणा-कुलपांनी पायऱ्यापायऱ्यांची केलेली आहे. कुलूप (इंग्रजीत लॉक) म्हणजे धरणाशेजारचा दारं असलेला हौद, त्यात पाणी चढवून-उतरवून बोटी वरखाली नेतात. दोन धरणांमधल्या पाण्याला इंग्रजीत ‘पूल’ म्हणतात, आपला नदीवरचा पूल नव्हे. ला क्रॉस आठव्या पुलात. वर ड्रेसबाखला सातवं धरण, खाली जिनोआला आठवं. दोन्ही 1937 पासूनची. मुख्य प्रवाहाच्या दोन्ही अंगांना बेटं, फाटे, कमळाच्या पानांनी झाकलेली डबकी, जंगली भाताची बेटं, यांचं मोठं जाळं आहे. पात्रात दगडांचे आडवे बांध आहेत. प्रवाह मध्ये आणायला एकोणिसाव्या शतकापासून घातलेले. वरून दिसत नाहीत आणि बोटीचा पंखा मोडतात. स्मॉलमाउथ मात्र त्यांच्याच आडोशाला असतात.

आमचा मासेमार जिनोआच्या कुलपातून खाली नवव्या पुलात गेला. हा मोठा जुगार. कुलपाची लांबी 600 फूट. धान्य किंवा कोळसा नेणारा पंधरा बार्जांचा, म्हणजे सपाट मालवाहू नावांचा, तांडा 1200 फुटांच्या आसपास असतो. तो दोन तुकड्यांत पार करावा लागतो आणि त्यात दीड तास सहज जातो. परतताना असा तांडा पुढं आला तर बोट अडकलीच. उशीर झाला तर मिनिटाला एक पौंड कापतात, पंधरा मिनिटांच्या वर गेलं की दिवसाचं सगळं वजन रद्द.

पहिला मासा आठच्या सुमारास लागला. कमळाची पानं आणि हिरव्या शेवाळाचा जाड थर, त्यावरून तो पोकळ रबरी बेडूक उड्या मारत ओढत होता. एका जागी तो थांबला, बेडूक नुसता थरथरवला, आणि खालून पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. त्यानं लगेच झटका मारला नाही. दोरी ताणली जाईपर्यंत श्वास धरून थांबला, मग काठी मागं खेचली. मासा पानांच्या गुंत्यासकट वर आला. गुडघ्यावर बसून त्यानं खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलला, अंगावरचं शेवाळ पुसलं, पट्टीवर आडवा ठेवला. चौदा इंचांच्या आतला मासा इथं ठेवता येत नाही, सोडावा लागतो. हा आरामात सोळा भरला. ‘दोन-आठ,’ तो म्हणाला. म्हणजे दोन पौंड आठ औंस. मी टाकलं.

अकरापर्यंत चार झाले. मग बराच वेळ काही नाही. तो बोलायचा थांबला. दर दहा-पंधरा मिनिटांनी टाकीचं झाकण उघडून मासे कसे आहेत ते बघायचा, टाकीतल्या पाण्यात हवा सोडली जातेय ना ते कान लावून ऐकायचा. मी बायकोनं फॉइलमध्ये गुंडाळून दिलेल्या थालीपिठातलं अर्धं त्याला देऊ केलं. त्यानं चव घेऊन दुसरा तुकडा मागितला, तेवढाच काय तो संवाद. खाणं असं एका हातात धरता येईल असं न्या, डबा उघडून बसायला जागा आणि वेळ दोन्ही नसतं.

पाचवा मासा लागला तो उंच कड्यांच्या पायथ्याशी, एका अरुंद फाट्यात. तिथं फोनला सिग्नल नव्हता. ‘तीन पौंड,’ तो म्हणाला आणि आज पहिल्यांदा हसला. मी नोंद केली, ती फोनमध्येच अडकून राहिली. नोंद जपून ठेवली जाते आणि सिग्नल आला की आपोआप जाते, हे बैठकीत सांगितलेलं असल्यानं मी निर्धास्त होतो. मग आम्ही कुलपाकडं निघालो. तो मुद्दाम लवकर निघाला होता, तरी पुढं एक तांडा होताच. नशिबानं तो शेवटच्या टप्प्यात होता. इतर स्पर्धकांच्या बोटींबरोबर आम्ही ताटकळलो. कुणी कुणाशी मासळीबद्दल बोललं नाही. हवापाण्याच्या गप्पा, एकानं दुसऱ्याला पाण्याची बाटली फेकली. कुलपात शिरलो तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं आणि खुर्चीत मान मागं टाकली. कुलपाच्या भिंतींमधून वर येऊन मोकळ्या पाण्यात आलो तेव्हा माझ्या फोनवरची नोंद गेली.

वजनाच्या जागी मासेमार पाण्यानं भरलेल्या पिशव्यांमध्ये मासे घेऊन रांगेत उभे राहतात. रांगेच्या कडेला पाण्याच्या टाक्या असतात, पिशव्या त्यात बुडवून ठेवायच्या म्हणजे मासे तग धरतात. मी बाजूला थांबलो तेव्हा बाई स्वतःहून आल्या.

‘पाचवा किती वाजता लागला?’ त्यांनी विचारलं. मी वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे जवळजवळ दीड तास. मी कॅम्पग्राउंडच्या लाँड्रीत होते. कपडे मशीनमध्ये, हातात फोन. चारच दिसत होते. कपडे वाळले, घड्या झाल्या, तरी चारच. बोट बंद पडली असेल, कुलपात अडकला असेल, मासे मेले असतील, सगळं मनात येऊन गेलं. मुलींना काही कळू द्यायचं नाही म्हणून त्यांना तळ्यावर पाठवलं.’

त्यांच्याकडं एक साधी वही होती. डाव्या बाजूला नवऱ्याचा दर स्पर्धेतला क्रमांक आणि गुण, उजवीकडं रेघेच्या आसपासच्या सात-आठ जणांचे. त्यांच्यातल्या दोघांच्या बायका यांच्या जवळच्या मैत्रिणी. आठवडाभर एकत्र जेवण, एकमेकींची मुलं सांभाळणं, आणि वहीत एकीच्या नवऱ्याचे गुण वाढले की दुसरीच्या नवऱ्याची जागा जाते. मी विचारलं, यावर आपसात बोलता का? ‘मोसम संपल्यावर बोलतो,’ त्या म्हणाल्या.

एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. नवरा नेहमी वजन कमी सांगतो, प्रत्येक माशामागं चार-सहा औंस. त्यामुळं नोंदीतल्या बेरजेत त्या मनातल्या मनात दीड पौंड मिळवतात. इतरांच्या बायकाही आपापल्या नवऱ्यांचं असं गणित जाणून आहेत. संध्याकाळी तो कॅम्परमध्ये आला की त्या दिवसाबद्दल विचारत नाहीत. तो स्वतः बोलला तर ऐकायचं. शिवाय माहितीचा नियम घरच्यांनाही लागू पडतो. कॅम्पग्राउंडवर कुणाच्या तोंडून अमुक फाट्यात मासे आहेत असं कानावर आलं, तरी ते नवऱ्याला सांगता येत नाही. एकाच छपराखाली राहून हे सांभाळणं किती अवघड असेल, याचा मी आधी कधी विचार केला नव्हता.

त्या दिवशी त्याचं वजन अंदाजापेक्षा खरोखरच पौंडभर जास्त भरलं. पाचही मासे जिवंत. दुसऱ्या दिवशी मार्शलांच्या जोड्या बदलतात. मला एक तरुण मासेमार मिळाला, अविवाहित, सारखा बोलणारा. तो दिवस मजेत गेला, सांगण्यासारखं फारसं काही नाही. एक मात्र माझ्यात बदललं होतं. मासा आला की मी आधी फोन घेत होतो, मग फोटोचा विचार. त्या तरुण मासेमाराला दुपारी धक्क्यावर आईचा फोन आला. तिनं टेक्सासमध्ये बसून सगळे आकडे पाठ केले होते.

दोन दिवसांनंतर साधारण निम्मेच पुढं जातात, शेवटच्या दिवशी फक्त दहा. आमचा मासेमार त्या निम्म्यांत बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पाच मासे मिळाले नाहीत आणि क्लासिकची रेघ थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षीची एलिटमधली जागा मात्र शाबूत राहिली. हे मला बाईंच्या निरोपावरून कळलं. त्यांनी नंबर आदल्याच दिवशी मागून घेतला होता.

शेवटच्या दिवशी बायको-मुलाला घेऊन पुन्हा गेलो, या वेळी प्रेक्षक म्हणून. स्पर्धा मेरीलँडच्या ब्रायन श्मिटनं जिंकली आणि अँग्लर ऑफ द इयर झाला आयडाहोचा ब्रँडन पॅलानियुक. त्यानं हाच किताब 2017 मध्येही मिळवला होता. हौशी क्लबांच्या स्पर्धांतून वर आलेला माणूस, म्हणून माझ्या मुलाला तो जवळचा वाटतो. मंचावर चषक देताना टाळ्या चालू होत्या आणि माझं लक्ष मंचाच्या बाजूला उभ्या असलेल्या बायकामुलांकडं होतं. किताब न मिळालेल्यांची कुटुंबंही तिथंच होती आणि टाळ्या वाजवत होती. मुलाला मी वहीबद्दल सांगितलं. त्यानं परतीच्या वाटेवर विचारलं, ‘बाबा, एका हंगामाची प्रवेश फी, डिझेल, राहणं मिळून किती होत असेल?’ आम्ही घरी आल्यावर कागदावर मांडलं. बक्षिसाचे पैसे साधारण पहिल्या निम्म्यांनाच मिळतात, हेही त्यात धरलं. त्यानं विचार बदललेला नाही, पण कॉलेजच्या बास टीमसाठी अर्ज करताना सोबत अकाउंटिंगचा विषय घ्यायचं ठरवलंय.

जाणाऱ्यांसाठी उरलेल्या बारीकसारीक गोष्टी. डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल घ्या, वेगात साध्या चष्म्यानं पाणी येतं. टोपी निघताना काढून जाकिटात कोंबा, नाहीतर उडते. बूट पांढऱ्या किंवा फिक्या तळाचे, म्हणजे बोटीवर काळे डाग पडत नाहीत. पॉवर बँकेसोबत तिची केबल तपासून घ्या. बोटीत बसल्यावर मासेमाराला एकदाच विचारा, बोललेलं चालेल का, आणि तो सांगेल तसं वागा. मार्शल व्हायला जमणार नसेल, तर दुपारचं वजन बघायला जा. त्याला तिकीट नाही. लहान मुलांना घेऊन थोडं लवकर पोचलात, तर रांगेतल्या टाक्यांपाशी उभं राहून मासे अगदी जवळून बघता येतात.